लोहाचा रंग

६ जानेवारी २०२५, सोमवार

पुन्हा तपकिरीच आलं. सकाळी फ्लास्कच्या तळाशी छान जांभळी पावडर बसली होती. जेवून परत आले तर कडेनं तपकिरी झाक धरलेली. वैजयंती मॅडम म्हणाल्या, "समरा, कुठून तरी हवा शिरतेय. नायट्रोजनची नळी बदल." नळी डिसेंबरातच बदलली आहे.

मॅडम माझ्या गाईड. रोजचे आकडे लिहितेस तसं मनात काय चाललंय तेही लिहीत जा, डोकं हलकं होतं, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून हे सुरू करतेय. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायचा हात शाळेपासून मराठीचाच. तेव्हा इथे सगळे मराठीतच बोलतील.

मी काय करते असं कुणी विचारलं की अम्मी सांगते, "लोखंडाची डॉक्टर होणारे." तसं ते फार चूक नाही. मधे लोहाचा अणू आणि भोवती ट्रायझोल नावाचे सेंद्रिय रेणू, अशी लांब माळ मी बनवते. त्या लोहाचे सहा इलेक्ट्रॉन थंडीत जोड्या करून बसतात. तेव्हा पावडर जांभळी असते आणि चुंबकाला दाद देत नाही. गरम केली की त्यातले चार सुटे होतात, पावडर पांढरी पडते आणि चुंबकाकडे ओढली जाते. हा बदल कुठल्या तापमानाला व्हावा ते आपण ठरवायचं, भोवतालचे रेणू थोडे थोडे बदलून. एवढीच माझी पीएच.डी. पण हे सगळं लोह 'दोन' असेपर्यंत. हवेनं त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की ते 'तीन' होतं, तपकिरी पडतं. मग गरम करा नाहीतर गार करा, त्याला काही फरक पडत नाही.

अब्बांना आज मोहोळचं भाडं होतं. एरवी ते एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे गावातल्या गोडाऊनला पोचवतात, हल्ली महिन्यातून एकदा मोहोळ असतं. परत आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. कुठे गळाली त्यांना पत्ताच नाही, तसेच टेंपोतून उतरून घरात आले. मी पोट धरून हसले. अब्बाही हसले. अम्मीनं त्यांना बसवलं आणि तळवा उलटा करून पाहिला, काच लागली असेल म्हणून.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून लवकर घरी आले. येताना चांगल्या निघालेल्या पावडरीची छोटी बंद नळी बरोबर आणली. अब्बा कधीचे म्हणत होते, आम्हालाही दाखव की काय करतेस ते.

अम्मीनं गॅसवरचं पाणी पेल्यात ओतलं. मी स्वयंपाकघरात चिमटा शोधत होते, तोवर अब्बांनी नळी बोटांत धरून पेल्यात बुडवली. बोटांसकट. जांभळा रंग खालून वर पांढरा होत गेला आणि अब्बा लहान मुलासारखे वाकून बघत राहिले.

"आणि गार झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"परत जांभळं."

"म्हणजे जे बिघडलं ते परत पहिल्यासारखं होतं."

"बिघडत नाही अब्बा, बदलतं. पण हो, होतं परत."

तेवढ्यात अम्मी आली आणि तिनं झटक्यात त्यांचा हात बाहेर ओढला. बोटं लालभडक. संध्याकाळी दोन बोटांना फोड आले. अब्बा एकदा कशात रमले की त्यांना भान राहत नाही. मीही त्यांच्यावरच गेले आहे. मागच्या वर्षी हॉटप्लेटवर माझी ओढणी जळाली तेव्हा मलाही वास आल्यावरच कळलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पंढरपूरचे लोक येऊन गेले. मुलगा सोहेब, बँकेत आहे. कमी बोलतो. मला विचारलं की लग्नानंतर थिसिस पुरा करायला सोलापूरला राहावं लागेल का. मी म्हटलं, हो, निदान वर्षभर. तो म्हणाला, ठीक आहे, गाडी दीड-दोन तासांचीच आहे. एवढ्यावरच मला तो आवडला, हे इथेच लिहून ठेवते.

अब्बांनी उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. चहा सगळ्यांना चिनी मातीच्या कपांत आणि त्यांना प्लास्टिकच्या मगात, मला कसंतरीच वाटलं. अम्मीला नंतर म्हटलं तर ती म्हणाली कप कमी पडले. कपाटात अख्खा सेट होता.

सोहेबच्या अम्मीनं सहज विचारलं, "भाईसाब, मनगटाजवळ हा डाग कसला?"

"सायलेन्सरला लागला," अब्बा म्हणाले आणि बाही खाली ओढली. थोड्या वेळानं टेंपो रस्त्यात आडवा आहे म्हणत बाहेर गेले, ते पाहुणे उठेपर्यंत आलेच नाहीत.

निकाह बकरीदनंतर ठरला. पाहुणे गेल्यावर अब्बा मला म्हणाले, "घर चांगलंय. आता मधे काही यायला नको." मी म्हटलं, काय येणार आहे मधे?

२० फेब्रुवारी

शेवटी जमलं. अॅस्कॉर्बिक अॅसिड वाढवलं, म्हणजे साधं व्हिटॅमिन सी. हवा लोहापर्यंत पोचण्याआधी तेच स्वतःला खर्ची घालतं. पावडर तीन दिवस उघडी ठेवली तरी जांभळीच आहे. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. त्या असं कधी करत नाहीत.

नमुना चुंबकीय मोजणीसाठी हैदराबादला पाठवला. तिथल्या यंत्राला मोठी रांग आहे. दोन महिने तरी लागतील म्हणतात.

१६ मार्च

रोजे चालू आहेत. लॅबमध्ये तोंडाला कोरड पडते आणि इथेनॉलचा वास नको होतो.

आज इफ्तारनंतर अब्बा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुझ्या त्या कामात, समजा औषध दुप्पट टाकलं, तर काम निम्म्या वेळात होतं का?"

मला इतकं बरं वाटलं. घरात कुणीतरी रिअॅक्शनबद्दल विचारतंय. मी त्यांना समजावून सांगितलं की रेणू जास्त असले की त्यांची टक्कर जास्त होते, म्हणून बहुतेक वेळा लवकर होतं. नेहमी अगदी निम्म्यात नाही, पण लवकर होतं.

"म्हणजे होतं."

"होतं."

ते मान हलवत उठले. अब्बा सातवीपर्यंतच शिकले, पण शिकले असते तर माझ्यापेक्षा चांगले केमिस्ट झाले असते.

३१ मार्च, ईद

शीरखुर्मा, पाहुणे, पुन्हा शीरखुर्मा. अब्बा ईदगाहहून आले आणि पडूनच राहिले. चेहरा फार काळवंडलाय, ओठसुद्धा. अम्मी म्हणते ऊन आणि रोजे. शेजारचा ताबीश आपलं बाळ घेऊन आला होता. अब्बांना मुलांचं वेड, पण त्यांनी घेतलं नाही. हाताला ग्रीस आहे म्हणाले. ईदच्या दिवशी कसलं ग्रीस. गळाभेटही कुणाची घेतली नाही, सर्दी झाल्याचं सांगत होते. सर्दी मला तरी दिसली नाही.

कामाची खूप दगदग होतेय त्यांना. निकाहचा खर्च काढायला जास्तीची भाडी मारत असणार.

५ एप्रिल

अब्बांचं डोकं दुखतंय. जिना चढून आले तर बोलायला दम पुरत नव्हता. मी बीपी तपासून घ्या म्हटलं. "नक्को, उन्हाचं आहे," एवढंच. लिंबूपाणी करून दिलं.

मॅडमना मेमध्ये परिषदेला गोषवारा पाठवायचाय आणि हैदराबादहून काही उत्तर नाही. दिवसातून चार वेळा मेल उघडते.

१० एप्रिल, गुरुवार

काल सकाळपासूनचं सगळं आत्ता लिहितेय, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून. अम्मी आत आहे.

काल अब्बा गठ्ठा उचलताना गोडाऊनमध्ये मटकन खाली बसले. हमालांनी रिक्षातून सरळ दवाखान्यात आणलं. मी लॅबमधून पोचले तेव्हा त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला होता आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर चौऱ्याऐंशी दिसत होतं. डॉक्टर बाई तरुण होत्या, अक्कलकोटकडच्या असाव्यात, मराठीला कन्नडचं वळण होतं. त्यांनी ऑक्सिजन वाढवला. आकडा हलला नाही. आणखी वाढवला. चौऱ्याऐंशीच. अब्बांचे ओठ पाटीच्या रंगाचे झाले होते.

मग त्यांनी रक्त काढलं. मी शेजारीच उभी होते. सिरिंजमध्ये जे आलं ते तपकिरी होतं.

डॉक्टरांनी गॉजच्या पट्टीवर एक थेंब टाकला आणि आपल्या रक्ताचा एक थेंब शेजारी टाकला. त्यांचा लाल होता. अब्बांचा हवेत तसाच राहिला, चॉकलेटसारखा. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही मधे लोहच असतं, नायट्रोजनच्या कोंदणात बसवलेलं. ऑक्सिजन आला की त्याचे इलेक्ट्रॉन जोडीनं बसतात, गेला की सुटतात, श्वासागणिक. एम.एस्सी.च्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते. पण ते लोह 'दोन' असेल तरच. 'तीन' झालं की ऑक्सिजन धरत नाही.

"ऑक्सिडाइज झालंय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. ह्यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"काहीच नाही. बीपीचीसुद्धा नाही."

मागून अम्मी म्हणाली, "आहेत."

तिनं कुर्त्याच्या आतून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात गोळ्यांची पाकिटं होती, निम्मी रिकामी. "मोहोळहून आणतात," ती म्हणाली. "महिन्याचं एक पाकीट असतं. ह्यांनी हरवलं म्हणून सांगून दुसरं आणलं आणि दोन्ही एकदम चालू केली. मी म्हटलं कायकू, तर म्हणाले लवकर संपेल."

डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि अम्मीला बाजूला नेलं. पण खोली लहान होती. मला ऐकू आलं. कुष्ठरोग.

पाकिटातल्या गोळ्यांपैकी एका प्रकारची गोळी जास्त झाली की रक्तातलं लोह असं करते. काही जणांचं रक्त तिला जास्तच नाजूक असतं. रोजच्या रोज एक घेतली असती तर बहुतेक काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

उतारा आहे. मिथिलीन ब्लू. शिरेतून दिलं की लोह परत 'दोन' होतं. पण ते इंजेक्शन दवाखान्यात नव्हतं. आसपासच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन चालू होते. तोवर सलाइनमधून व्हिटॅमिन सी सुरू केलं. ते सावकाश काम करतं, हे मला माहीत होतं.

मिथिलीन ब्लूची बाटली आमच्या लॅबमध्ये कपाटात आहे, फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलची. मी धावत बाहेर पडले. रिक्षानं युनिव्हर्सिटी गाठली. मॅडमना काय सांगितलं आठवत नाही, पण त्यांनी चावी दिली आणि त्याच रिक्षात माझ्याबरोबर बसल्या. सगळ्या रस्ताभर मी ती बाटली दोन्ही हातांत धरून होते.

डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल वाचलं. "हे लॅबचं आहे."

"पण रेणू तोच आहे."

"ह्याच्यात आणखी काय काय आहे, तुम्हाला माहितीये?"

मी लेबलाकडे पाहिलं. जड धातू असू शकतात, किती ते कुणी तपासलेलं नसतं.

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शिरेत नाही देता येणार."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आत अब्बा मास्कमध्ये तोंड उघडून श्वास घेत होते, हवा आत जात होती आणि उपयोग होत नव्हता. मी काचेतून बघत होते. अख्खी चार वर्षं मी लोहाला काय आवडतं आणि काय नाही एवढंच शिकले आहे. मॅडमनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

इंजेक्शन दिवस मावळताना आलं. दिल्यावर तासाभरात ओठ बदलायला लागले. मला वाटलं मला भास होतोय, म्हणून मी अम्मीला विचारलं. तिलाही दिसत होतं.

११ एप्रिल

आज दुपारी ओठ परत काळसर. ती गोळी शरीरात बरेच दिवस राहते आणि पुन्हा तेच करते. पुन्हा इंजेक्शन. पुन्हा बरं. डॉक्टर म्हणतात असं आणखी एक-दोनदा होऊ शकतं. आपण नुसतं पाहायचं.

त्या औषधानं लघवी हिरवीनिळी होते. अब्बांनी अम्मीला हळूच सांगितलं की आतून रंगकाम चालू आहे. तीन दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

अम्मीला दिवाळीपासून माहीत आहे. चपलेला मागून पट्टा शिवणं, चहाला प्लास्टिकचा मग देणं, हे सगळं त्यासाठीच. पाय आणि बोटं तेव्हापासूनच सुन्न आहेत. "मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू कामात होतीस." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

१५ एप्रिल

धोका टळला म्हणतात. अब्बा उशी टेकून बसले. मी त्यांची नखं कापली. दोन बोटांच्या टोकांना जखमा आहेत, जुन्या, मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"अब्बा, दुप्पट घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"असं कसं. तुमच्या डोक्यात आपोआप आलं?"

"आलं." ते खिडकीकडे पाहत होते. "तुझ्या निकाहच्या आत संपवायचं होतं. मीच ठरवलं. कुणाचं नाव घ्यायचं नाही यात."

कुणाला तरी पाठीशी घालतायत. मोहोळचा एखादा कंपाउंडर असणार, अर्धवट माहितीचा, किंवा गोडाऊनवरचा कुणीतरी. आपल्याला कळत नसेल तर माणसानं तोंड उघडू नये. तो माणूस मला सापडला तर मी त्याला इथे आणून हा पलंग दाखवीन.

डॉक्टरांना विचारलं, संवेदना परत येते का. त्या म्हणाल्या, काही येते, काही नाही. रोग मात्र औषधानं थांबतो आणि उपचार सुरू झाल्यावर त्यांच्यापासून कुणाला काही होत नाही. आता ती गोळी बंद, तिच्याऐवजी दुसरी. तशी चिठ्ठी दिली आहे.

२७ एप्रिल, रविवार

घरी येऊन आठवडा झाला. अब्बा नव्या गोळ्यांना हात लावत नाहीत. पाकीट उशाशी आहे. "ह्यानंही रक्त फिरलं तर?" मी सांगते की ही वेगळी आहे, हिचा लोहाशी संबंध नाही. ते ऐकून घेतात आणि भिंतीकडे वळतात.

आज सोहेबचा फोन आला, अब्बांना आता कसं वाटतंय म्हणून. त्याच्या घरी आम्ही 'उन्हाचा झटका' सांगितलंय. फोन ठेवल्यावर मी म्हटलं की मी त्याला खरं सांगणार आहे. लपवून मी कुणाच्या घरात जाणार नाही. मोडलं तर मोडलं.

अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. अब्बा उठून बसले. आवाज चढवला नाही.

"मोडलं तर मोडलं?"

"हो."

"मग मी त्या गोळ्या कशासाठी खाल्ल्या?"

  मी म्हटलं, "बरं होण्यासाठी, अब्बा."

"बरं व्हायला घाई नव्हती मला," ते म्हणाले.

मी उशाशी पडलेलं पाकीट उचललं. मग मी म्हटलं, नव्या गोळ्या घेणार असाल तर नाही सांगणार सोहेबला. असा सौदा मी माझ्या बापाशी केला. त्यांनी लगेच हात पुढे केला. मी गोळी तळहातावर ठेवली, पण बोटांत धरताना ती निसटून खाली गेली. मी उचलली, धुतली, या खेपेला सरळ तोंडात दिली.

६ मे

हैदराबादचा आलेख आला. नमुना शुद्ध आहे, तपकिरीचा मागमूस नाही. चाळीस अंशाच्या जरा वर सगळं लोह एकदम उडी मारतं, गार करताना दहा-बारा अंश खाली येईपर्यंत तसंच राहतं, मग एकदम परत. अगदी हवं तिथे. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, एवढी सरळ रेघ त्यांनी स्वतःच्या कामातही पाहिली नव्हती.

मी खूश व्हायचा प्रयत्न केला. आलेख घरी आणून अब्बांना दाखवला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"झालं तुझं?"

"जवळजवळ."

"कागद गुळगुळीत आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

१९ मे, सोमवार

आज मोहोळला मी गेले. दवाखान्यातून मिळालेलं नव्या गोळ्यांचं पहिलं पाकीट संपत आलंय. सोलापुरात कुठेही घ्यायला अब्बा तयार नाहीत, इथे ओळखीचे फार. आणि त्यांना त्या उन्हात पाठवणं शक्य नव्हतं. स्टँडवरून एसटी धरली. तोंडावर ओढणी बांधली होती. सगळ्याच बायका बांधतात या दिवसांत.

आरोग्य केंद्राच्या बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, गोजाबाई. पायाशी पिशवी, पिशवीत भाकरीचं गाठोडं. बाहेर लिंबाखाली एक म्हातारा टेकून बसला होता, त्याच्याकडे तिनं हात केला.

"त्ये आमचं मालक, येडू. मेंढरं राखत्यात. त्यास्नी झालंय," ती म्हणाली, जसं कुणी पडसं झालंय म्हणावं. "आता दोनच म्हैनं ऱ्हायल्यात की. आदी लई घाबरलो आमी. सूनबाई माह्यारला निगून गेल्ती. आली म्हागारी." मग माझ्याकडे वळून, "तुमी कुटनं?"

"सोलापूर."

"एवड्या लांबनं? तितं न्हाय का मिळत?"

मी ओढणी सारखी केली. तेवढ्यात खिडकीतून आमच्या आडनावानं, मकदूम म्हणून, पुकारा झाला. मी उठले. कर्मचाऱ्यानं चिठ्ठी वाचली, औषध बदलल्याचं पाहिलं, तब्येत कशी आहे विचारलं. चांगला माणूस होता. जखमा टाळायला रोज पाण्यात पाय भिजवून तेल लावायला सांगा म्हणाला. मग पेन उघडून वहीकडे बघत म्हणाला, "पेशंट तुमचे कोण?"

गोजाबाई माझ्या मागेच उभी होती. तिच्यामागे आणखी चार माणसं. त्यातलं एकही मला ओळखत नव्हतं. सोहेबच्या घरचं तर कुणीच नव्हतं. मला तोंडावरून ओढणीसुद्धा काढावी लागणार नव्हती, नुसता शब्द म्हणायचा होता.

"शेजारचे आहेत," मी म्हटलं.

त्यानं लिहून घेतलं. "शेजारी असून एवढं करता," तो म्हणाला. गोजाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

परतीच्या एसटीत उभं राहूनच आले. खिडकीपाशी जागा झाली तरी बसले नाही.

घरी अब्बा दारातल्या खुर्चीवर वाट बघत होते. आतून अम्मी आली, हात पुसत.

"गर्दी होती?" अब्बांनी विचारलं.

"थोडी."

"काही विचारलं?"

"पेशंट कोण म्हणून विचारलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मग?"

खोटं सांगावं असं वाटलं. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं. "शेजारचे आहेत म्हटलं."

अब्बांनी पाकीट घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"बरं केलंस बेटा," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.